कोचिंग, ध्येय आणि सुख: आमच्या समाजमंदिरातले दोन हिवाळे

वर्धेकाठचा

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" हा प्रश्न पडद्यावर होता. पडदा म्हणजे समाजमंदिराच्या भिंतीला बांधलेलं आईचं पांढरं लुगडं. समोर सतरंजीवर वीसेक माणसं, बहुतेक कास्तकार. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा सारखा केला, प्रश्न पुन्हा वाचला आणि म्हणाले, "वावरातच. अन् कुठी जाऊ बाप्पा?" सगळे खदखदून हसले. पुढच्या चौदा स्लाइड मी दाखवल्याच नाहीत.

थोडं माझ्याबद्दल. पुण्यात अकरा वर्षं एचआरमध्ये ट्रेनिंगचं काम केलं, तिथेच लाइफ कोचिंगचा कोर्स केला. वडील थकले तसा आर्वी तालुक्यातल्या गावी परत आलो. आता दिवसा आठ एकर आणि संध्याकाळी फोनवर शहरातले क्लायंट. त्यांच्याकडून पैसे घेतो. गावात रविवारी बसतो ते फुकट. असे दोन हिवाळे झाले. शिकून आलेलं बरंचसं इथे मोडलं, त्याचीच ही गोष्ट.

पहिली अडचण आली ती ध्येयातच. कोणालाही विचारा, यंदा काय ठरवलं? उत्तर एकच: "एकरी दहा क्विंटल अन् दहा हजार भाव." 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेला आणि तो आकडा डोक्यात रुतून बसला. पुढच्या हंगामांत भाव सात-आठ हजारांभोवती घुटमळत राहिला. ज्याने दहा हजारांवर मनात माडी बांधली होती, त्याला सात हजारांत लुटल्यासारखं वाटलं. याच माणसाला त्याआधी दोन-तीन वर्षं सात हजार मिळाले असते, तर त्याने गावजेवण घातलं असतं! ब्रिकमन आणि कॅम्पबेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्येच हे मांडलं होतं. माणूस मिळालेल्याला सरावतो आणि सुखाची पातळी फिरून जुन्या जागी येते. घाण्याच्या बैलासारखं, चालणं दिवसभराचं आणि मुक्काम तिथेच.

बरं, भाव कोणाच्या हातात? पाऊस कोणाच्या? म्हणून मी विचारायची पद्धत बदलली. "किती पिकवणार?" हे सोडून "मंगळवारी सकाळी काय करणार?" असं विचारायला लागलो. एका पोराने सांगितलं, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) लावतो आणि रोज सकाळी पतंग मोजतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग दिसले, की बोंडं फोडून बघायची आणि फवारणीचं ठरवायचं. मी उडालोच. पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये हेच तर लिहिलंय: नुसता इरादा तडीस जात नाही, 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधी बांधून ठेवलेलं तडीस जातं. मी कोर्समध्ये हे पैसे भरून शिकलो. 2017 च्या गुलाबी बोंडअळीत पोळलेला माणूस ते कृषी सहायकाकडून फुकट शिकला होता. मी फक्त त्याला म्हटलं, पतंगांसारखंच बाकीच्याही गोष्टींचं बांध ना. "दारूच्या दुकानासमोर बंडी आली की मी उतरून बैलांसोबत पायी चालीन." हे त्याने स्वतः बांधलेलं. मी सुचवलेलं नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. माझे शहरातले क्लायंट 1 जानेवारीला संकल्प करतात. आमच्याकडे तेव्हा तिसरी वेचणी सुरू असते, वेचणाऱ्या बाया मिळत नसतात, कापूस घरात आणि उधारी दारात. अशा वेळी ध्येय विचारणं म्हणजे धावत्या माणसाला जेवायला वाढणं. 2013 साली 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची बुद्धीची तीच चाचणी दोनदा घेतली, ऊस तुटण्याआधी एकदा आणि पैसे आल्यावर एकदा. माणसं तीच, पण तंगीच्या दिवसांतले गुण कमी. डोक्याची जागा पैशाची ओढाताणच खाऊन टाकते. हे वाचलं आणि मी डिसेंबर-जानेवारीच्या बैठका बंदच केल्या. त्या दिवसांत फक्त चहा आणि गप्पा. ध्येयाचं बोलणं फाल्गुनात, कापूस-तूर विकून झाल्यावर आणि पाडव्याला सालगडी ठरायच्या आधी. आपल्या आज्यापणज्यांनी वर्षाचा करार पाडव्याला उगाच ठेवला नसावा.

सुखाबद्दल मात्र माझी सपशेल फजिती झाली. बचत गटातल्या बायांना सांगितलं, रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. पंधरा दिवसांनी वह्या पाहिल्या. एकीच्या वहीत: "सोमवार 38 किलो. मंगळवार 41 किलो. बुधवार 29, पोट दुखलं." मी म्हटलं, काकू, हा वेचणीचा हिशेब झाला. ती म्हणाली, "मंग? एक्केचाळीस किलो चांगली गोष्ट नाई का?"

तुमच्याकडे कोणी असं काही करून पाहिलंय का? अनुभव लिहा. शिव्याही चालतील.

---

बंडीवाला

भाऊ, आमच्या अथी कोचिंग म्हन्जे दहावीच्या पोट्ट्यायची गणिताची शिकवणी. तुमी मोठ्या मानसायची घेता, बरं हाय. पन एक सांगा, ज्याच्या सातबाऱ्यावर सोसायटीचं कर्ज अन् घरात लग्नाची पोरगी, त्याले तुमी ध्येय इचारता? त्याचं ध्येय एकच, अवंदा इज्जतीनं निघून जावं.

शिवी नाई देत. तुमचं ते लुगड्याचं वाचून हसू आलं म्हनून लिवलं.

---

संत्रा_बर्फी

फी किती घेता शहरवाल्यांकडून? नागपुरात एक जण तासाला अडीच हजार सांगत होता. अडीच हजारांत मी आईसोबत शेगावला जाऊन येतो, वर कचोरी खातो.

---

वर्धेकाठचा

@संत्रा_बर्फी, त्याहून पुष्कळ कमी. आणि शेगाव माझ्यापेक्षा केव्हाही चांगलं, शंकाच नाही.

@बंडीवाला, तुमचं म्हणणं अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यावर भांडतो. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला 'मोठी स्वप्नं पाहा' म्हणणारा माणूस गावात पाय ठेवायच्या लायकीचा नाही. पण कर्ज असलेल्या माणसाशीच कोणी बसून बोलत नाही, हेही खरं ना? सगळे त्याला सांगतात. सावकार सांगतो, सोयरा सांगतो, कृषी केंद्रवाला तर औषधाच्या बाटलीसकट सांगतो. कोचिंगमध्ये खरं तर एकच काम शिकवतात: सल्ला गिळायचा आणि विचारायचं. माझ्या अनुभवात चाळीस मिनिटं कोणी मध्ये न बोलता ऐकलं, की माणूस आपणच म्हणतो, "दोन एकर ठोक्यानं देऊन टाकतो, तेवढा उधारीचा बोजा कमी." हे त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणायला जागा नसते.

---

गणिती_गजा

लेख आवडला, पण थोडं कान उपटतो.

'स्मार्ट' (SMART: नेमकं, मोजता येणारं, कोणी करायचं ते ठरलेलं, जमण्याजोगं, मुदतीचं) ध्येयांचा उल्लेख तुम्ही टाळलात, ते बरं केलंत. ती पाच अक्षरं जॉर्ज डोरन यांनी 1981 मध्ये कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी लिहिली होती, आयुष्यासाठी नव्हे. आज प्रत्येक व्याख्याता ती वेदवाक्य असल्यासारखी सांगतो.

पण लॉक आणि लॅथम या ध्येयांवर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या कामाकडे तुम्ही पाठ फिरवताय असं वाटलं. दोघांनी वर्षानुवर्षं दाखवलंय की नेमकं आणि अवघड ध्येय ठेवणारे लोक 'जमेल तेवढं करू' म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त काम करतात. त्यांनीच पुढे हेही सांगितलं की काम नवं आणि गुंतागुंतीचं असेल तर आकड्याचं ध्येय उलटतं, तिथे शिकण्याचं ध्येय ठेवावं. म्हणजे वेचणीला 'आज चाळीस किलो' चालेल, कारण हात सरावलेला आहे. पहिल्यांदा रेशीम करणाऱ्याला 'पहिल्याच बॅचला इतके किलो कोष' सांगितलंत तर तो घाबरून नाहीतर चुकून बसेल. त्याला सांगावं, पहिल्या बॅचला अळ्या का मरतात ते शोध.

आणि तुमच्या काकू बरोबर होत्या. त्यांनी स्वतःचं सरावाचं ध्येय मोजलं. फजिती त्यांची नाही झाली.

ऊसवाल्या अभ्यासावर फार भार टाकू नका. एकट्या अभ्यासावर गाव चालवत नाहीत.

---

वर्धेकाठचा

फजिती माझी झाली असंच लिहिलंय गजाभाऊ! बाकी रेशमाचं उदाहरण पटलं. आमच्या शेजारच्या गावात एकाची पहिली बॅच गेली आणि त्याने तुतीच उपटून टाकली. पहिल्या बॅचपासून शिकायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. अनुदानाचा आकडा मात्र सगळ्यांनी सांगितला होता.

---

अंबाडी

मी यवतमाळ जिल्ह्यातली, बचत गटांचं काम करते. रोज चार गावं. या धाग्यावर सगळे पुरुषच बोलताहेत म्हणून लिहिते. लांबेल.

आमच्या प्रशिक्षणात एकदा बाहेरून आलेल्या मॅडमनी प्रत्येकीला विचारलं, तुमचं स्वप्न काय? एकेक जण सांगायला लागली. मुलगा पोलीस व्हावा. मुलीला चांगलं घर मिळावं. मालकाची दारू सुटावी. चोवीस बाया, आणि एकीच्याही स्वप्नात ती स्वतः नव्हती. माझी पाळी आली तेव्हा मीही पोराचंच नाव घेतलं. घरी येताना बसमध्ये विचार करत होते, मग माझं काय? चौतीस वर्षांची होते तेव्हा. तोवर मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी सापडलं. मला गाडी शिकायची होती. स्कूटी. काम चार गावांत, आणि मी रोज कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून, कोणाची तरी वाट पाहत. यात कसलं स्वप्न, असं म्हणाल. माझ्या सासूबाई तर म्हणाल्याच. म्हणून मग मी कोणाला सांगणंच बंद केलं. तुमच्या पुस्तकात 'ध्येय चारचौघांत जाहीर करा' असं असेल, तर ते पान बायांना वाचायला देऊ नका. आमच्याकडे जाहीर केलेलं ध्येय पहिल्याच दिवशी चेष्टेत मरतं.

मार्चमध्ये पऱ्हाटी उपटून झाली, वावर मोकळं झालं. पहाटे साडेपाचला भाचीची जुनी स्कूटी घेऊन मी आणि ती वावरात जायचो. रस्त्यावर शिकले असते तर अख्खं गाव शिकवायला आलं असतं. ढेकळांत चाक अडकायचं. तिसऱ्या दिवशी थेट धुऱ्यावर चढवली आणि बोरीच्या काट्यांत पडले. हाताला आजही खूण आहे. भाची रडायला लागली आणि मला हसू आवरेना. किती वर्षांनी मी अशी पोट धरून हसले असेन! त्या काट्यांत बसल्या बसल्या मला वाटलं, शिकले नाही तरी चालेल, उद्या पुन्हा यायचं.

शिकले. बाविसाव्या दिवशी एकटी घाटंजीच्या बाजाराला गेले. काही घ्यायचं नव्हतं. पाव किलो हिरव्या मिरच्या घेऊन परत आले. घरात मिरच्या होत्याच. सासूबाईंनी विचारलं, एवढ्यासाठी गेली होतीस? मी हो म्हटलं.

आता गटात कोणाला 'स्वप्न काय' विचारत नाही मी. विचारते, "एक दिवस पूर्ण तुमचा असला, स्वयंपाक नाही, वेचणी नाही, तर कुठे जाल?" आधी सगळ्या गप्प बसतात. मग कोणी माहेर म्हणते, कोणी 'झोपीन'. झोपीन म्हणणाऱ्याच जास्त असतात. तिथून पुढे बोलणं निघतं.

---

मृगाचा_किडा

ताई, मिरच्यांवर अडकलो. पुढे वाचताच येईना.

---

संत्रा_बर्फी

+1. वर्धेकाठचा, तुमच्या चौदा स्लाइड जाळा आणि हा प्रतिसाद लुगड्यावर लावा.

---

लिंबोळी

मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. चर्चा छान चाललीय, पण एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली असावी म्हणून मध्ये येते.

ध्येय सापडत नसणं वेगळं आणि नैराश्य वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालीय, जेवण तुटलंय, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, माणूस निरवानिरवीचं बोलतोय, अशा माणसाला वही-पेन देऊ नका, घेऊन या. तो 'मरून जावं वाटतं' म्हणाला तर ते नाटक समजू नका. सरळ विचारा, तसे विचार येतात का. विचारल्याने विचार वाढत नाहीत. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी ठेवा. आपल्या भागात ही एक कृती खरोखर जीव वाचवते.

दवाखाना दूर असेल तर 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, रात्रीही. आणि खेड्यातल्या लोकांना हे समजत नाही, हा गैरसमज आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. लोक येतात. कोणीतरी आधी त्यांच्या ओट्यावर जावं लागतं.

---

वर्धेकाठचा

मनापासून आभार डॉक्टर. मागच्या वर्षी एकाला मी तीन रविवार ध्येय विचारत बसलो होतो. चौथ्या रविवारी त्याची बायको आली आणि म्हणाली, ते पंधरा दिवसांपासून झोपले नाहीत. माझ्या कानाची पाळी लाल झाली. त्याच दिवशी वर्ध्याला नेलं. आता बरा आहे, गोळ्या सुरू आहेत. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न झोपेचा असतो.

---

बंडीवाला

आता मी काहून चिडलो ते सांगतो. तीन सालापूर्वी तालुक्याले एका हॉलात मोठा प्रोग्राम होता. टाय घातलेला मानूस. म्हने डोळे मिटा, पाच सालानं तुमची चारचाकी कशी दिसते ते पाहा, रंग सांगा. माझ्या साळ्यानं पांढरा सांगतला. घरी फोटो चिकटवला कपाटाले. मंग म्हने हे पावडरचे डबे घ्या अन् अजून सहा मानसं जोडा. अठरा हजार गेले. डबे अजून पडून हायत, त्याची बायको ढोराले बी देत नाई.

पैशाचं सोडा. त्यानं जे सहा जन जोडले थे सारे सोयरे. आता लग्नात कोनी बोलत नाई त्याच्याशी. म्हनून ध्येय शब्द आयकला की मले तो पांढरा रंग दिसते.

---

वर्धेकाठचा

भाऊ, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. ती चाल मी जवळून पाहिलीय. डोळे मिटून गोड चित्र पाहायला लावायचं, कारण त्या गोडव्यात माणूस हिशेब विसरतो. गॅब्रिएल ऑटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंचं सगळं संशोधन याच्याच विरुद्ध जातं. नुसतं गोड चित्र पाहणारे लोक प्रत्यक्षात कमी हातपाय हलवतात, जणू काम झाल्यासारखं मन सैल पडतं. त्या म्हणतात, चित्र पाहा आणि लगेच त्याच्या आड येणारी स्वतःतली अडचण पाहा. अंबाडीताईंनी सासूबाईंची चेष्टा आधीच ओळखली आणि पहाटेचं वावर गाठलं, ते हेच. साळ्याला त्या हॉलात कोणी अडचण विचारली असती, तर सहाव्या मिनिटाला हॉल रिकामा झाला असता.

आणि त्या सोयऱ्यांचं वाईट वाटलं. हार्वर्डचा एक अभ्यास 1938 पासून सुरू आहे, त्याच माणसांचा, आणि आता त्यांच्या मुलाबाळांचा. त्यातून पुन्हा पुन्हा निघालेली गोष्ट ही, की म्हातारपणी सुखी आणि धडधाकट कोण राहतं, हे नात्यांच्या उबेवरून जास्त कळतं. साळ्याचं खरं नुकसान अठरा हजारांचं नव्हतंच.

---

मृगाचा_किडा

माझा प्रश्न कोणी घेईल का? वय 27, एमपीएससी चौथी वेळ, अमरावतीत खोली करून. ध्येय माझं की बाबांचं, तेच कळेनासं झालंय. घरी आठ एकर आहे, पण शेती करतो म्हटलं तर पोरगी कोणी देत नाही. म्हणजे ध्येय नोकरीचं नाही, लग्नाचं आहे असं कधी कधी वाटतं.

---

अंबाडी

भाऊ, तुला कोणी अभ्यास सोड म्हणणार नाही आणि कर असंही नाही. एवढंच सांग, निकाल लागला आणि तू पास झालास, पण कोणाला सांगायचीच बंदी आहे. बाबांना नाही, सोयऱ्यांना नाही. तरी आनंद होईल?

---

मृगाचा_किडा

दोन दिवस लावले उत्तराला. होईल. थोडा. त्या पदावर बसून काय करायचं ते मला माहीत आहे, भूजलाचं काम आवडतं मला. पण जेवढं वाटायचं तेवढा नाही होणार. आता हे बाबांना कसं सांगू ते बघतो. पाडव्याला घरी जातोय.

---

गणिती_गजा

भूजल आवडतं तर भूवैज्ञानिकाच्या जागा निघतात का तेही बघ. वेगळी पात्रता असते, आधी तपास. राज्यसेवा एकटीच परीक्षा नाही.

---

बंडीवाला

एक गोठ सांगायची राहिली. काल आमच्या सालगड्यासोबत अवंदाचं बोलनं होतं. सव्वा लाख, दोन पोते गहू, चपला, ते सारं ठरलं. दरसाल तेवढंच ठरते. उठताना तुमचं ताईचं वाचलेलं आठवलं, म्हनून इचारलं, बापू, एक दिवस पुरा तुहा असला तं काय करशीन?

लय वेळ बोलला नाई. मंग म्हने, पोरीच्या शाळेत मास्तर मीटिंगले बोलावते, मी कधीच गेलो नाई, बायकोच जाते, तेवढ्या दिवशी सुट्टी पायजे. सालातून चार डाव.

नऊ साल झाले त्याले माझ्याकडे. पोरगी आठवीत हाय हे बी मले काल समजलं.

---

वर्धेकाठचा

दिली का सुट्टी?

---

बंडीवाला

त्याच्यात इचारायचं काय हाय. पन पहिली मीटिंग जून-जुलैतली म्हने, ऐन डवऱ्याच्या टायमाले. त्या दिवशी डवरा मलेच धरा लागते. दहा साल झाले धरला नाई.